तुझा लाल्याच ठेव म्हणालीस, अक्का

अक्का, तू ‘तुझा लाल्याच ठेव’ म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. हे काही बरोबर केलं नाहीस. जाण्याबद्दल मी बोलत नाही, ते कुणाच्या हातात असतं. मी बोलतो आहे लाल्याबद्दल, आपल्या कोंबड्याबद्दल. इतक्या वर्षांत तू माझं एकही म्हणणं पहिल्या दमात मान्य केलेलं नाहीस. मी पाऊस येणार म्हटलं की तू वाळवण बाहेर काढायचीस. आणि दवाखान्यातल्या त्या लोखंडी खाटेवर, नाकात नळी, अंगावर सरकारी घोंगडी, अशा अवस्थेत तू म्हणालीस, “ठेव तुझा लाल्याच. चांगला आहे तो.”

चांगला आहे. हे शब्द तू माझ्या लग्नात सुलोचनाबद्दलसुद्धा वापरले नव्हतेस. तेव्हा म्हणाली होतीस, “पाहू.”

लोक भेटायला यायचे, सतरंजीवर बसायचे, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावायचे आणि “बाई मोठी मायाळू होती” म्हणायचे. मी मान हलवायचो. पण डोक्यात एकच भुंगा: तू असं काहून म्हणालीस? रडायचं सोडून मी संशय घेत बसलो, हे तुला कळलं तर तुला बरंच वाटेल. शिकवण तुझीच आहे.

दूधवाल्यावर आणि किराणावाल्यावर संशय तर सगळेच घेतात. तुझा दारातल्या कडुलिंबावरही होता. पानगळ लागली की म्हणायचीस, “शेजाऱ्याइकडं कमी पाडते. आपल्याच दारात पाडून राहिला.” रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईला सर्दी झाली की, “ते काहीतरी लपवून राहिली, तिचा आवाज पाय.” आणि मी? मी तर तुझ्या पाठचा भाऊ, म्हणजे पहिला संशयित. साखर कमी झाली तर मी, कोंबडी लंगडली तर मी, उन्हाळा लवकर आला तरी तुझी नजर आधी माझ्याकडे.

भाऊजी गेल्यावर तू उमरेडहून आमच्याकडे आलीस तो दिवस मला आठवतो. एस.टी.तून आधी ट्रंक उतरली, मग भाऊजींची काळी छत्री, मग टोपलीत पाय बांधलेली एक कोंबडी आणि शेवटी तू, कंडक्टरशी भांडत. कंडक्टर टोपलीचं तिकीट मागत होता. तुझं म्हणणं, त्याचा डोळा तिकिटावर नाहीच, कोंबडीवर आहे. मी मध्ये पडलो तर मलाच म्हणालीस, “तू त्याच्या बाजूनं काहून बोलून राहिला गा, बबन? ओळखीचा आहे का?”

त्या एका कोंबडीपासून आपल्या मागच्या अंगणातला सगळा पसारा. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या ठोकून मी खुराडं केलं. ते कोसळलं. मग तू केलंस, ते अजून उभं आहे. तुझ्या उमरेडच्या कोंबड्या दिसायला साध्या, तपकिरी, ठिपक्यांच्या. पण खुडूक होऊन अंड्यांवर बसली की जेवणपाणी विसरून बसणाऱ्या, आणि पिलांवर मांजर आलं तर मांजराच्या तोंडावर जाणाऱ्या. शेजारच्या ढोबळेमास्तरांनी सरकारी पांढऱ्या कोंबड्या आणल्या. त्या अंडी पुष्कळ द्यायच्या, पण बसायच्या नाहीत. तू भिंतीवरून पाहून निकाल दिलास: “अंडं टाकते अन् चालली जाते. मागं वळूनही पाहत नाही. ते काय आई झाली?”

आणि दरवर्षी तो एक प्रसंग यायचा. पिलं मोठी व्हायची, त्यातले नर बांग द्यायला लागायचे आणि त्यातला एकच राखायचा असायचा. बाकीचे बाजारात नाहीतर चुलीवर. दोन ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात, हे मला तू पहिल्या वर्षीच सांगितलं होतंस. ज्याला राखू, त्याचीच पिलं पुढच्या वर्षी अंगणात. म्हणजे आपण कोंबडा नाही, पुढचं सगळं घराणं निवडत असतो. मी टपालखात्यातला माणूस. अक्षर कितीही गचाळ असो, पत्र बरोबर खणात टाकतो. पण तुझ्या अंगणात माझी मती चालायची नाही. मी तुरा बघायचो. तू म्हणायचीस, “तुरा तर बाजारातला माणूस पाहते. आपल्याले त्याचे लेकरं पाहिजे, तुरा नाही.”

तुझेही अंदाज काही फार सरळ गेले असं नाही, हे आता तू नाहीस तर म्हणून घेतो. तो ‘साहेब’ आठवतो का? उंचापुरा, मान ताठ. तूच निवडला होतास. अंगणात मुंगूस आलं तेव्हा सगळ्यात आधी पाण्याच्या ड्रमवर चढला तो साहेबच. कोंबड्या खाली ओरडतायत आणि हा वर. मी हसलो तर तू म्हणालीस, “तो वरून पाहणी करून राहिला होता.”

पण यंदाची निवड वेगळी होती. मागच्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि आपलं खुराडं पुसून गेलं. कोंबड्या माना वाकड्या करून एकेक पडत होत्या आणि तू पदर तोंडाला लावून त्या उचलत होतीस. साहेबही गेला. वाचल्या त्या दोनच: चांदी आणि पुतळी. दोघी तेव्हा खुडूक होत्या आणि तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेखाली अंड्यांवर बसलेल्या होत्या. पिलं निघाली ती तिथेच. त्यांत तलंगा, म्हणजे माद्या, पुष्कळ आणि नर दोनच, चांदीचा एक, पुतळीचा एक. उमरेडहून टोपलीत आलेलं तुझं सगळं घराणं त्या दोघांवर येऊन ठेपलं होतं. चुकीचा राखला तर दुसरा मागे नव्हता.

चांदीचा तो लाल्या. तांबडाभडक, मानेवर सोनेरी झूल, तुरा जास्वंदीसारखा. चालायचा तर वरात निघाल्यासारखा. मला पहिल्या दिवसापासून आवडला. पुतळीचा तो भुऱ्या. राखेत लोळून आल्यासारखा, लहानखुरा, एक पाय किंचित आत टाकणारा. कुणी खुराड्याजवळ आलं की आधी पेटीमागे. दाणे टाकले तरी दाण्यांकडे न बघता टाकणाऱ्याकडे बघायचा. तुला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

“हा शंका घेते,” तू म्हणालीस. “मले असाच पाहिजे.”

“अन् लाल्या?”

“लाल्याच्या मायचं मले पटत नाही.”

मला वाटलं चांदीची काही खोड असेल. पण तू आवाज खाली आणलास. “त्या चांदीचं लक्ष सारखं भिंतीपल्याड राहते. मास्तराच्या पांढऱ्या कोंबड्याइकडं.”

“अक्का वं, भिंत डोक्याएवढी आहे.”

“मग? तिले पंख नाही का?”

“लाल्या लाल आहे. पांढरा कुठं आहे?”

“तेच तर. लपवून राहिला.”

यावरही मी बोललो, आणि तिथेच घोटाळा केला. लाल्याची बाजू भक्कम करावी म्हणून म्हणालो, “तुझा भुऱ्या तर कोणाले जवळ येऊ देत नाही. लाल्या माझ्या हातातून दाणे खाते.”

तू हातातलं सूप खाली ठेवलंस. “तुझ्या हातातून?”

“मग.”

“मग तर झालंच. जो तुझ्या हाताले येते, तो घारीच्याही पंज्यात जाईन. ज्याले राखाचं त्याले हातानं चाराचं नसते, एवढंही तुले समजत नाही? तो कोंबड्याइचा राहत नाही मग, माणसाचा होते.”

आता सांगायला हरकत नाही. लाल्यानं माझ्या हातातून कधीच दाणा खाल्ला नव्हता. मी मूठ पुढे केली की तो मान तिरपी करून एका डोळ्यानं माझ्याकडे असा बघायचा, जसा आमचा सुपरिंटेंडेंट माझ्या रजेच्या अर्जाकडे बघतो. पण एकदा बोलून बसलो होतो. तुझ्यापुढे मागे घेतलं असतं तर तू ते जन्मभर जपून ठेवलं असतंस.

दिवाळीनंतर तू छत्रीची परीक्षा घेतलीस. ही परीक्षा आपल्या घराबाहेर कुठे चालते मला माहीत नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. दाणे टाकायचे, कोंबड्या खाली माना घालून खायला लागल्या की तू ड्रमच्या मागून भाऊजींची काळी छत्री फटकन उघडून डोक्यावर धरायचीस आणि सावली अंगणातून आडवी जाईल अशी पळायचीस. पळायचीस म्हणजे तुझ्या गुडघ्यांना जमेल तेवढं. जो कोंबडा आपला जीव न वाचवता आधी ओरडून कोंबड्यांना सावध करेल, तो राखायचा. मास्तरांची बायको भिंतीवरून बघत उभी होती. सुलोचना तिला म्हणाली, “काही नाही जी, अक्का घार होऊन राहिल्या.”

त्या दिवशी तू घार झालीस आणि भुऱ्यानं लांब, घोगरा, घशातून ओढल्यासारखा आवाज काढला. कोंबड्या पेट्यांखाली सरपटल्या. लाल्या होता तुझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात. त्यानं नुसती मान वर केली.

“झालं,” तू छत्री मिटत म्हणालीस.

“काय झालं? तू छत्री लाल्याइकडं पाठ करून उघडली. त्याले दिसलीच नाही.”

“घार काय सांगून येते का गा?”

“पुन्हा घे.”

“पुन्हा घेतली तर तू म्हणशीन तिसऱ्यांदा घे. तुले लाल्याच पाहिजे आहे.”

तेव्हापासून मला शंका यायला लागली की तू भुऱ्याला शिकवते आहेस. तुझ्यासारख्या बाईनं एवढी मोठी गोष्ट नशिबावर सोडली असेल हे मला पटेना. त्यात सुलोचनानं एक दिवस सहज सांगितलं, “अक्का दुपारच्या छत्री घेऊन मागं जातात. ऊन तर नाही आजकाल.” मार्गशीर्षातली थंडी, लोक अंगावर ऊन घ्यायला ओट्यावर बसलेले आणि तू छत्री घेऊन चाललेली. मला वाटलं, धरली चोरी.

मी एक दिवस अर्धी रजा टाकली. कारण लिहिलं, ‘घरगुती’. सायकल गल्लीच्या तोंडाशीच उतरून हातात धरून आणली आणि फाटकातून पाहिलं. तू पालथ्या पेटीवर माझ्याकडे पाठ करून बसली होतीस, उघडी छत्री खांद्यावर आडवी टाकलेली, त्यामुळे पुढचं काही दिसेना. तू हळू आवाजात काहीतरी बोलत होतीस. मी पुढे सरकलो आणि माझ्या सायकलची चेन, जिला मी तेल घालतो घालतो म्हणत होतो, ती कुरकुरली.

तू वळलीसुद्धा नाहीस. छत्री मिटलीस. पेटीमागे काहीतरी फडफडलं. “काहून गा, आज टपाल संपलं?”

“तू काय करून राहिली?”

“उन्हाले बसली होती.”

“उन्हाले बसणारा माणूस छत्री उघडते का?”

“मले ऊनही पाहिजे होतं अन् सावलीही. तू कायले लवकर आला?”

“डोकं दुखून राहिलं.”

“छत्री पाहूनच दुखून राहिलं असन.”

आपण दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्या रात्री तू मला सुंठीचा चहा करून दिलास, डोकेदुखीसाठी. मी तो पीत असताना समोर बसून बघत होतीस, दुखत असल्यासारखा पितो की नाही ते.

पौषात तुझी छाती भरून आली. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे तू सुई टोचणाऱ्या सिस्टरला विचारलंस की बाटलीत पाणीच आहे ना. मी रोज ऑफिस सुटलं की यायचो. तू आधी अंगणाची खबर घ्यायचीस, मग माझी. दोन्ही कोंबडे आता भांडायला लागले होते. लाल्याच्या तुऱ्यावर चोच लागून रक्त आलं होतं. निवड आता टाळता येण्यासारखी नव्हती, हे तुलाही कळत होतं.

त्या शेवटच्या संध्याकाळी तू विचारलंस, “भुऱ्याले दाणे टाकले?”

“दोघाईले टाकले.”

तू नाकातली नळी सारखी केलीस. मग ते बोललीस. ठेव तुझा लाल्याच. चांगला आहे तो.

“काहून? भुऱ्याले काय झालं?”

“काही नाही झालं.”

“मग?”

“तुले पाहिजे होता ना? मग ठेव. आता कायले उलटतपासणी करून राहिला?” आणि तोंड भिंतीकडे. “मले बोलवत नाही. जा आता, सुलोचना वाट पाहत असन.”

तुला माझ्या घरी वाट पाहणारीची काळजी. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी वेगळं चाललं आहे. तुझा हात घोंगडीबाहेर होता. धरला असता तर बरं झालं असतं. पण मी उभा राहून विचार करत होतो की या बाईचा डाव काय आहे.

आता परवाचं सांगतो.

तुझी मंदा आणि जवाईबापू सावनेरहून आले ते राहिले. सगळं आटोपलं, पाहुणे गेले. दुःखाचे दिवस सरले की लेकी-जावयाला तिखटाचं जेवण घालून वाटेला लावायचं, हे घरात तूच ठरवलेलं. म्हणजे एक कोंबडा राखायचा आणि एक कापायचा, तो दिवस आला. तुझ्या जावयाबद्दल तुझं मत मला पाठ आहे: “जवाई आला की पहिले अंगणात पाहते. कोंबडे मोजते तो.” बिचारा ओट्यावर बसून खरंच अंगणात बघत होता.

सुलोचना म्हणाली, “अक्कांनी लाल्या ठेवा म्हणून सांगितलं ना? मग भुऱ्या घ्या अन् मोकळे व्हा.”

“अक्का सरळ बोलते काय कधी?”

“मरताना तरी बोललीच असन.”

“तू तिले ओळखत नाही. मी पावसाचं म्हटलं की ती वाळवण काढे. अन् मीही तिच्या सांगण्याच्या उलटच करीन, हे तिले माहीत होतं. म्हणून उलटं सांगितलं. म्हणजे मी भुऱ्या ठेवीन.”

सुलोचनानं मिरच्या निवडून घेतल्या. “तुमी दोघं भाऊबहीण खरंच एका मायचे आहा,” ती म्हणाली आणि मसाला वाटायला गेली.

मी ठरवलं. तुझ्या बोलण्यावर नाही, तुझ्या स्वभावावर भरवसा ठेवायचा. भुऱ्या राखायचा. लाल्या कापायचा, माझा स्वतःचा लाल्या. मला वाईट वाटत होतं, पण त्यागाची थोडी मजाही येत होती, ते कबूल करतो. कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन त्याला धरायला गेलो.

अक्का, तो सापडेना. मी डावीकडून गेलो की तो उजवीकडून. मी डालगं टाकलं ते माझ्याच पायावर. मी राखेच्या ढिगात बसलो, अक्षरशः बसलो, आणि मास्तरांची बायको भिंतीवर. जवाईबापू ओट्यावरून म्हणाले, “राहू द्या ना मामाजी.” मी म्हणालो, “तुमी बसा, होऊन राहिलं.” लाल्या कडुलिंबाच्या पलीकडे उभा राहून तोच एक डोळा माझ्यावर लावून होता.

आणि तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी आलं. भुऱ्या. जो कुणाला जवळ येऊ देत नव्हता तो. आपण होऊन आला, माझ्या चपलेवर एक पाय ठेवला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. जसा काही मी उशीर केला होता.

मी तसाच उठलो, तुझ्या खोलीत गेलो. छत्री खिळ्याला होती. ड्रमच्या मागे आलो, तू उभी राहायचीस तिथेच, आणि फटकन उघडली.

डोक्यावर ज्वारीचा पाऊस पडला. ज्वारी, वाळक्या भाकरीचे तुकडे, थोडा कोंडा. कॉलरीत गेली, कानात गेली, चष्म्यावर नाचली. छत्रीच्या घड्यांत तू किती भरून ठेवली होतीस कोण जाणे. आणि त्याच क्षणी अंगणात तो आवाज उठला, लांब, घोगरा, घशातून ओढलेला. तलंगा पेट्यांखाली गेल्या, चांदी आणि पुतळी मागोमाग. अंगण मोकळं झालं. मध्ये एकटा ओरडणारा लाल्या, मान तिरपी, डोळा छत्रीवर. शेवटची तलंग आत जाईपर्यंत तो जागचा हलला नाही.

भुऱ्या? भुऱ्या धावत छत्रीखाली आला. उडून माझ्या मनगटावर बसला आणि कॉलरीतले दाणे टिपायला लागला.

मागच्या दारात मंदा उभी होती, तोंडावर हात. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आणि डोळे गळत होते. “मामा,” ती म्हणाली, “मार्गशीर्षात आली होती मी तं आई त्याले मांडीवर घेऊन बसली होती, छत्रीत. भाकर चारून राहिली होती. मले म्हणे, तुझ्या मामाले सांगशीन तर पाय.”

म्हणजे तू भुऱ्याला घारीची ओळख शिकवत नव्हतीस. तू त्याला भाकर चारत होतीस, माझ्या नजरेआड, भाऊजींच्या छत्रीत. ज्याले राखाचं त्याले हातानं चाराचं नसते, हे मला सांगणारी तू. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या एका लहानखुऱ्या कोंबड्यावर तुझा जीव जडला आणि तुझ्याच्यानं राहवलं नाही. त्याची शंका तू एकेका दाण्यानं काढून टाकलीस. आणि एक दिवस तुझ्या लक्षात आलं असणार की आता हा घारीलाही पाहुणा समजेल. तुझ्या हातानं तू तुझाच कोंबडा वाया घालवला होतास. मला ते सांगितलं असतंस तर मी तुला चिडवलं असतं. खूप चिडवलं असतं. म्हणून तू फक्त एवढंच म्हणालीस की लाल्या ठेव, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तू खरं बोलली होतीस, अक्का. पूर्ण नाही, पण खरं. आणि मी तुझ्या शब्दावर नाही, तुझ्या स्वभावावर विश्वास ठेवून तुझं घराणं सुरीखाली घालायला निघालो होतो. लाल्या माझ्या हातात सापडला नाही म्हणून वाचलं. तो माझ्या हातातून दाणे खातो असं मी तुला सांगितलं होतं, त्या थापेतला एक शब्द जरी खरा असता तर परवा संपलं होतं सगळं.

आता भुऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरला. तो मनगटावरून उतरायला तयार नाही, आत मसाला वाटून झालेला. मी जवाईबापूंकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले आणि पहिल्यांदा माझ्यापुढे मोकळं बोलले.

“मामाजी, एक सांगू का? रागवू नका. मले कोंबडं आवडत नाही. कधीच नाही आवडलं.”

“अन् इतके वर्ष?”

“आत्याबाई वाढे अन् समोर बसून पाहे. कोण नाही म्हणन? मी तं आल्या आल्या अंगणात पाहो, का आज कोणाचा नंबर आहे बा.”

तू एवढी वर्षं त्या माणसावर पाळत ठेवून होतीस आणि तो एवढी वर्षं तुझ्या धाकानं रस्सा गिळत होता. त्या दिवशी सुलोचनानं त्याच वाटणात वांगी टाकली. जवाईबापू दोनदा मागून जेवले.

भुऱ्या सावनेरला गेला. मंदाकडे एकही कोंबडी नाही, त्यामुळे त्याला तिथे कुणाला सावध करायचं नाही, कुणाचा बाप व्हायचं नाही. नुसतं दारात बसून भाकर खायची. मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो होतो. तो मंदाच्या पिशवीतून मान बाहेर काढून कंडक्टरकडे असा प्रेमानं बघत होता की तू असतीस तर लाजेनं मेली असतीस.

एक शंका मात्र उरलीच आहे, आणि ती तू मिटवणार नाहीस. दवाखान्यात निघण्याआधी तू ती छत्री मिटून खिळ्याला लावलीस. तुझ्यासारखी बाई, जी परातीतला एक दाणा वाया जाऊ द्यायची नाही, ती एवढी ज्वारी आत विसरली? की तुला माहीत होतं, हा बबन माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, हा जाऊन छत्री उघडेलच?

लाल्या आता अंगणाचा मालक आहे. पुतळी काल पुन्हा खुडूक झाली, तुझ्या खाटेखाली बसवली आहे. सकाळी मी दाणे घेऊन मागचं दार उघडतो. त्याची बाजू घेऊन मी तुझ्याशी भांडलो, त्याच्यासाठी थापा मारल्या, आणि त्यालाच कापायलाही निघालो. तो मला पाहतो, मान तिरपी करतो, आणि लांब, घोगऱ्या आवाजात सगळ्या अंगणाला सांगतो की आला. तलंगा पेट्यांखाली जातात. मी दाणे टाकतो, मागे सरतो, दारात उभा राहतो. मी पुरता आत गेल्याशिवाय तो त्यांना बाहेर येऊ देत नाही.